कोपऱ्यातलं चाचणीचं बटण

ओव्हनला काय म्हणायचं आहे ते माणसाला कळावं, एवढ्यासाठी मला दरमहा पगार मिळतो. ओव्हनला, धुलाई यंत्राला, लिफ्टला, आणि मध्यंतरी दवाखान्यातल्या एका यंत्राला, जे दिवसभर रक्ताच्या पिशव्या हलवत बसतं. या यंत्रांच्या तोंडावर पंजाएवढा काचेचा पडदा असतो. त्यावर बोट टेकवलं की यंत्र आपलं ऐकतं आणि स्वतःचं म्हणणं अक्षरांत मांडतं. ते पडदे मी करतो. घरात कुणाला याचं फारसं कौतुक नाही. सासूबाई पाहुण्यांशी माझी ओळख 'हे बटणं करतात' अशी करून देत, आणि पाहुणे मग मला सदऱ्यांविषयी विचारत.

त्याच सासूबाईंची वाचा गेली, तेव्हा सगळं घर माझ्याकडे पाहू लागलं.

सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडेच होत्या, आणि तेव्हापासून आमच्या घरात रेडिओ लावायची वेळ आली नव्हती. त्यांच्या बोलण्याचे विषय तसे पुष्कळ होते, पण मुख्य विषय मी. मी चप्पल कुठे काढली, दिवा का मालवला नाही, भाजी आणली ती कुणी माझ्या गळ्यात मारली. मग एका सकाळी त्यांचा उजवा हात कपाकडे गेला तो तिथेच राहिला. डॉक्टर म्हणाले, समज पूर्ण शाबूत आहे, ऐकू येतं, वाचता येतं, जीभ मात्र ऐकत नाही. बोलणं परत येईल का, असं विचारल्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

घरी आणल्यावर घर इतकं शांत झालं की आमचा फ्रीज मधूनमधून बंद होतो आणि चालू होतो, हे मला पहिल्यांदा कळलं. बायको दिवसभर आईच्या उशाशी बसून अंदाज बांधायची. "पाणी? उशी? खिडकी लावू? पाय चेपू?" सासूबाई डोळे मिटून घ्यायच्या. एका दुपारी ही स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही ओव्हनला बोलायला लावता ना? मग माझ्या आईला लावा की."

हिनं माझ्या कामाविषयी आदरानं काही बोलण्याची ही पहिलीच वेळ. मी लगेच हो म्हटलं. दोन दिवसांचं काम आहे, असंही म्हटलं. हे वाक्य आमच्या धंद्यात फार जपून वापरायचं असतं.

आमच्याकडे एक फ्रेमवर्क आहे. म्हणजे सॉफ्टवेअरचा तयार सांगाडा. त्याची ख्याती अशी की कार्यक्रम एकदाच लिहायचा, आणि तोच लॅपटॉपवर, फोनवर, ओव्हनवर, लिफ्टवर, कुठेही जसाच्या तसा चालतो. ही ख्याती ते विकणाऱ्यांनी पसरवलेली आहे. मी ओव्हनचाच कार्यक्रम घेतला, त्यातली भाजण्याची बटणं काढली आणि पाणी, उशी, खिडकी, दुखतंय, थंडी वाजते अशी बटणं घातली. बटण दाबलं की तो शब्द आवाजात ऐकू येणार होता. लॅपटॉपवर सगळं इतकं झकास चाललं की मी स्वतःच दोनदा पाणी मागून घेतलं.

कोणती बटणं ठेवायची यावर मात्र वाद झाला, आणि वादात वरच्या मजल्यावरचे काका होतेच. ते निवृत्त बँक अधिकारी. इमारतीत सगळे त्यांना सूचनापेटी म्हणतात. फरक इतकाच की पेटीत सूचना टाकाव्या लागतात, यांच्यातून त्या आपोआप बाहेर पडतात. त्यांची पहिली सूचना, हे सगळं सोडा आणि एक घंटी बांधा. दुसरी, घंटी नसेल तर 'आभारी आहे' असं एक बटण हवंच, माणसानं आजारातही सभ्यता सोडू नये.

"आईनं आयुष्यात कुणाला आभारी आहे म्हटलेलं नाही," बायको म्हणाली.

"म्हणूनच सोय हवी," सूचनापेटी म्हणाले.

मी बटण घातलं. सासूबाईंनी ते शेवटपर्यंत एकदाही दाबलं नाही.

मग मी बाजारातून एक छोटा पडदा विकत आणला, त्यावर कार्यक्रम चढवला आणि तो पलंगाशेजारच्या भिंतीवर त्यांच्या डाव्या हाताशी बसवला. घरातले सगळे जमले. पडदा उजळला. लॅपटॉपवर गोल गरगरीत दिसणारी अक्षरं इथे पार विस्कटली होती. 'पाणी'तला काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, आणि मध्ये ठिपक्याठिपक्यांची वर्तुळं. सासूबाईंनी ते वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं. त्या क्षणी त्यांना वाचेची काही गरज होती असं मला वाटलं नाही.

अक्षरं दुरुस्त केली. मग कळलं की ओव्हनच्या कार्यक्रमातलं काही सामान आत राहून गेलंय. आमच्या कंपनीचा नियम आहे, यंत्रानं कुठलंही काम करण्याआधी विचारायचं. त्यामुळे 'दुखतंय' दाबलं की पडद्यावर यायचं, 'तुम्हाला खात्री आहे का?' आणि खाली हो, नाही. 'थंडी वाजते' दाबलं तर 'कृपया तापमान निवडा.' आणि थोडा वेळ काही दाबलं नाही तर पडदा आपला विझायचा आणि विझण्यापूर्वी सांगायचा, 'दार नीट बंद करा.' बायको एकदा खरंच उठून दार बंद करून आली. परत येऊन ती म्हणाली, "अहो, आजारी बाईला खात्री आहे का म्हणून विचारतात का?" मी म्हटलं, हा सुरक्षिततेचा भाग आहे. असं मी ऑफिसातही म्हणतो. पण ऑफिसात समोर कुणी आजारी नसतं.

तेही काढलं. मग सासूबाईंचं बोट लागेना. त्यांच्या हाताची कातडी आता कागदासारखी कोरडी झाली होती, आणि या काचेला बोटात थोडा ओलावा लागतो. त्या दाबायच्या, पुन्हा दाबायच्या, आणि काच आपली ढिम्म. माझं बोट लागायचं, हिचं लागायचं, दूधवाल्याचंसुद्धा लागलं. ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला त्यांचंच तेवढं लागत नव्हतं. मी मोठ्या उमेदीनं एक फार गहन तांत्रिक उपाय शोधत होतो, तेवढ्यात सूचनापेटी जिना उतरून आले. त्यांच्या हातात एक लहानशी प्लास्टिकची डबी होती, तिच्यात ओला स्पंज. काउंटरवर बसून नोटा मोजताना बोट ओलं करायला ते ती वापरायचे, आणि निवृत्त होताना बँकेतून घरी घेऊन आले होते. सासूबाईंनी स्पंजावर बोट टेकवलं, मग काचेवर. 'पाणी' असा आवाज आला. त्यांच्या लेकीचा आवाज.

आवाजाचं सांगायचं राहिलं. सगळे शब्द बायकोच्या आवाजात भरायचे होते. ती लॅपटॉपसमोर बसायची, 'पाणी' म्हणायची, 'उशी' म्हणायची, आणि 'दुखतंय'शी आली की तिचा आवाज फुटायचा. आम्ही पुन्हा भरायचो, पुन्हा तेच. शेवटी ती म्हणाली, असू दे तसंच, खरंच दुखत असेल तेव्हाच दाबेल ना ती. तो फुटलेला आवाज तसाच राहिला.

पण तिचे शब्द भरून व्हायच्या आधी, आवाज मुळात निघतो की नाही ते बघायला मी एक तात्पुरतं बटण केलं होतं. खाली कोपऱ्यात, नखाएवढं, त्यावर 'चाचणी' असं लिहिलेलं. चाचणीसाठी लॅपटॉपवर हाताला लागला तो आवाज घातला. नेमका तो सासूबाईंचा निघाला. त्यांना फोनवर टाइप करणं कमीपणाचं वाटे, म्हणून त्या निरोप बोलून पाठवायच्या. असे पुष्कळ निरोप मला आले असतील. दुधाचं काय ते कळलं की पुढचं मी कधी ऐकत नसे, कारण पुढे मीच असायचो. जुना फोन बदलला तेव्हा ते सगळे गेले. हा एक कधीतरी लॅपटॉपवर उतरला होता म्हणून वाचला.

पहिल्यांदा तो मी ऑफिसातल्या एका बाद झालेल्या ओव्हनच्या पडद्यावर लावून पाहिला होता. जेवणाच्या सुट्टीत, चोरून. दोन शब्द आले, आवाज निघतो हे कळलं, बंद केला. पण घरच्या छोट्या पडद्याला एवढा लांब आवाज पेलवेना. तो 'जा-जा-जा-जावईबापू' करून अडकायचा. मग मी निरोप पुढून ठेवला आणि मागून कापून टाकला, आणि तो तुकडा तेवढा राहू दिला. पडदा भिंतीवर बसवण्यापूर्वी ते बटण काढायचं, हेही मी ठरवलं होतं. आमच्या धंद्यात जी गोष्ट नंतर काढायची ठरते ती जन्मभर तिथेच राहते.

सासूबाईंचं बोट काचेला लागू लागलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना ते बटण सापडलं.

मी अंघोळीला होतो. बाहेरून आवाज आला, खणखणीत: "जावईबापू, येताना अर्धा लिटर दूध आणा. पिशवी दाबून बघून घ्या, गळकी नको. मघाशी फोन केला तो उचलला नाहीत. तुमच्यावर काही सोपवायचं म्हणजे..." आणि खट्ट बंद. मी साबणासकट बाहेर आलो. बायको दारात उभी होती, तळहात तोंडावर दाबून. सासूबाई पलंगावर होत्या, डावं बोट काचेवर. त्यांनी ते बोट उचललं, माझ्याकडे रोखलं आणि तसंच वर धरून ठेवलं.

त्या दिवसापासून पाणी, उशी, खिडकी सगळं मागे पडलं. चाचणी, चाचणी आणि चाचणी. सकाळी मी चहा घेताना चाचणी. ऑफिसातून येऊन दार उघडलं की चाचणी. दर वेळी आवाज 'सोपवायचं म्हणजे'वर तुटायचा, दर वेळी त्यांचं बोट वर यायचं, आणि त्या माझ्याकडे टक लावून पाहायच्या. मला वाटायचं, त्या म्हणताहेत, बघा, पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पुढचं सगळ्या इमारतीला माहीत होतं. जिन्यात सूचनापेटी भेटले की 'सोपवायचं म्हणजे' एवढंच म्हणून हसत वर जायचे. खालच्या दुकानदारानं मला एकदा न विचारता अर्धा लिटर दूध दिलं आणि पिशवी माझ्यासमोर दाबून दाखवली. माझ्या स्वतःच्या घरात, मी स्वतः बसवलेलं यंत्र, माझ्या स्वतःच्या खर्चानं, दिवसभर माझी शोभा करत होतं.

बायको मात्र त्या दिवसांत गाताना ऐकू यायची. मला त्याचा अर्थ लावता आला नाही. मी फक्त माझ्या अब्रूचा विचार करत होतो.

म्हणून एका रविवारी मी सुधारित आवृत्ती काढली. अक्षरं मोठी केली, पडदा विझेनासा केला, आणि कंपनीच्या नियमाला धरून चाचणीचं सगळं सामान साफ केलं. चाचणीच्या वस्तू ग्राहकाच्या घरात राहू द्यायच्या नसतात. कोपऱ्यातलं बटण गेलं, त्याचा आवाज गेला, लॅपटॉपवरची प्रतही गेली. काम फार नीटनेटकं झालं.

सासूबाईंनी दुपारी स्पंजावर बोट टेकवलं आणि कोपऱ्यात नेलं. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी पुन्हा दाबलं. बोट पुन्हा ओलं केलं, पुन्हा दाबलं. मी म्हटलं, "आई, ते चुकून राहिलं होतं. आता सगळं व्यवस्थित केलंय." त्यांनी बोट खाली घेतलं आणि हात चादरीखाली नेला. त्यानंतर त्यांनी त्या पडद्याला हात लावला नाही. पाण्यासाठीही नाही. जेवणाचं ताटही जवळपास तसंच परत येऊ लागलं.

तिसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, "बटण का काढलंत?"

"अगं, ते चाचणीचं होतं. आणि आई दिवसभर मला बोलत होत्या."

"तुम्हाला बोलत होती, तोवर ती बरी होती," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "आईचा आवाज होता हो तो. मला वाटलं होतं, तुम्ही मुद्दाम ठेवलाय."

मी मुद्दाम ठेवलेला नव्हता, हे मला तिला सांगता आलं नाही. मी लॅपटॉप उलटापालटा केला. काही नाही. साफसफाईत मी कधी नव्हे तो चोख निघालो होतो. मग आठवलं, ऑफिसातला तो ओव्हनचा बाद पडदा. त्यावर पहिला कार्यक्रम अजून असणार.

आमचे स्टोअरकीपर फार नियमाचे गृहस्थ आहेत. मी त्यांना पडदा मागितला.

"तो बाद झालाय," ते म्हणाले.

"माहीत आहे. मला तोच हवाय."

"बाद झाला म्हणजे तो आता नाही."

"तुमच्या मागे कपाटात दिसतोय."

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "दिसत असेल. नोंदीत नाही. नसलेली वस्तू मी तुम्हाला देऊ कशी? आणि उद्या तुम्ही ती परत आणलीत तर घेऊ कशी?"

त्यांनी मार्ग सांगितला. माझ्या साहेबांची सही, साहेबांच्या साहेबांची सही, आणि ज्यानं ती वस्तू बाद केली त्यानं लिहून द्यायचं की ती बाद नव्हती. ती बाद मीच केली होती. साहेबांचे साहेब परगावी होते. मी तिथल्या स्टुलावर बसलो. आजवर याच टेबलापाशी मी तावातावानं पुष्कळ भांडलो आहे, पण त्या दिवशी भांडण निघेचना.

"त्यात माझ्या सासूबाईंचा आवाज आहे," मी म्हटलं. "त्यांना आता बोलता येत नाही. आणि त्या आता खातही नाहीत."

स्टोअरकीपरांनी उठून कपाटातून पडदा काढला, टेबलावर ठेवला आणि वायर जोडली. "बाहेर न्यायचा नाही," ते म्हणाले. "इथे लावून बघू नये असा काही नियम नाही." आणि आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी स्वतःचा टेबलपंखा बंद केला.

मी कोपऱ्यातलं बटण दाबलं. दूध आलं, गळकी पिशवी आली, न उचललेला फोन आला. "तुमच्यावर काही सोपवायचं म्हणजे..." इथे तुटणार म्हणून माझा हात सवयीनं मागे आला. पण हा न कापलेला निरोप होता. आवाज पुढे चालू राहिला.

"...जिवाला घोर. बरं, सावकाश या. दूध नसलं तरी चालेल. जिना आत्ताच पुसलाय, ओला आहे, कठडा धरून चढा. तुम्ही पडलात तर मी बोलू कुणाला? या घरात माझं ऐकून घेणारे तुम्ही एकटेच आहात."

मग फोन खाली ठेवल्याचा आवाज.

मी तिथेच बसून राहिलो. त्या वर धरलेल्या बोटाचा अर्थ मला कळला, थांबा, संपलं नाही अजून. रोज त्या मला तेच सांगत होत्या, आणि मी आपला माझी शोभा मोजत होतो. मला रडू आलं, ऑफिसात, बाद मालाच्या कपाटासमोर. स्टोअरकीपरांनी खणातून पेन ड्राइव्ह काढून माझ्यापुढे ठेवला, आणि पंखा पुन्हा लावायचा मात्र विसरले.

घरी येऊन मी निरोप अख्खा बसवला. छोट्या पडद्याला पेलवावा म्हणून बाकीची सगळी बटणं काढून टाकली. पाणी, उशी, आभारी आहे, सगळी. मधोमध एकच बटण राहिलं.

सासूबाई तोवर फार थकल्या होत्या. हात उचलवत नव्हता. बायकोनं त्यांना उशीला टेकवून बसवलं. मी स्पंजाची डबी घेतली, त्यांचं बोट हातात धरलं, ओलं केलं आणि काचेवर टेकवलं. इतक्या वर्षांत मी त्यांचा हात कधी हातात घेतला नव्हता. आवाज सुरू झाला. 'सोपवायचं म्हणजे' आलं आणि गेलं. त्यापुढचं बायको पहिल्यांदाच ऐकत होती. ती माझ्या खांद्याला धरून उभी राहिली.

"...ऐकून घेणारे तुम्ही एकटेच आहात," असं म्हणून निरोप संपला. मी सासूबाईंच्या बोटाकडे पाहत होतो. ते वर आलं नाही. माझ्या हातात तसंच पडून राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले, पूर्वी चुकीच्या अंदाजाला मिटायच्या तसे नव्हेत.

आठवड्याभरात सासूबाई गेल्या. सूचनापेटी आले, पलंगापाशी उभे राहिले, काही सुचवायचं त्यांना सुचलं नाही. डबी परत द्यायला लागलो तर म्हणाले, "राहू द्या इथेच."

पडदा अजून त्या भिंतीवर आहे. माझी ऑफिसातून यायची वेळ झाली की बायको तो लावते. खिडकी उघडी असते, त्यामुळे मला खालूनच ऐकू येतं. दूध घरात असलं तरी मी दुकानातून अर्धा लिटर घेतो, पिशवी दाबून बघतो. जिना कोरडाच असतो. मी कठडा धरून चढतो.